शहराची भाकरी आणि धर्मापुरीचा कॅम्पस

मी कोडिंगवाला माणूस. गाव धर्मापुरी, जिल्हा बीड, नोकरी पुण्यात. गावाहून निघताना आई दर वेळी ज्वारीचं पीठ बांधून देते. म्हणजे माझं शहरातलं जेवण अजून गावच्या पावसावरच चालतं. म्हणून आजचा प्रश्न: शहरांचं अन्न टिकावं यासाठी आमच्या गावाजवळ शेतीशिक्षणाचा आणि संशोधनाचा कॅम्पस उभारायचा, तर आराखड्यात पहिली रेघ कुठे मारायची?

आपण आधी गेट आणि बिल्डिंग काढतो. मी पाण्यापासून सुरुवात करीन. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, आठवतंय? पहिल्या गाडीत साधारण 5 लाख लिटर होतं. आता हिशोब बघा. एका हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर. वर्षाचा 600 मिलिमीटर धरला तर 60 लाख लिटर. तशा 12 गाड्या! सगळं हाती लागत नाही. काही वाफ होतं, काही वाहून जातं. म्हणूनच आधी उतार बघायचा, बांध टाकायचे, खालच्या अंगाला शेततळं काढायचं.

मग बिल्डिंग कुठे? मुरमाड माळावर. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते; तिच्यावर पाया महागात पडतो. शिवाय चांगलं रान सिमेंटखाली जातं. ते प्रयोगांच्या प्लॉटसाठी ठेवायचं.

आता संशोधन. परभणीचं कृषी विद्यापीठ 1972 सालचं. त्यांनी इक्रिसॅटबरोबर काढलेलं ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचं वाण 2018 मध्ये आलं. त्यात लोह आणि जस्त जास्त. शहरात पोट भरलं तरी अंगात रक्त कमी असू शकतं, तेव्हा हाही अन्नसुरक्षेचाच भाग. पण बियाणं शेतकऱ्यापर्यंत पोचायला हवं. म्हणून बीजोत्पादनाचे प्लॉट हवेत, आणि तेही दुसऱ्या ज्वारीपासून लांब, नाहीतर वाणात भेसळ होते.

शेवटचं, रस्त्यालगत प्रतवारीची शेड आणि थंड खोली. तोडलेली भाजीसुद्धा श्वास घेते, पाणी सोडते, वजनात घटते. हे पोरांनी पुस्तकात वाचण्यापेक्षा रोज काट्यावर बघावं.

आमच्या धंद्यात ‘माझ्या लॅपटॉपवर चालतंय’ असं सांगून सुटका होत नाही. वापरणाऱ्याकडे चाललं पाहिजे. कॅम्पसचंही तसंच. प्लॉटवरचं कणीस शेजारच्या शेतात आणि तिथून शहरातल्या ताटात पोचलं, तरच आराखडा पास!

तुमच्या गावात पहिली रेघ कुठे माराल? सांगा नक्की.