थंडी, मोटारसायकल आणि मद्रास

चेन्नईला हिवाळा असतो असे म्हणणे जरा धाडसाचेच आहे. जानेवारी महिन्यात तेथील पहाटेचे सरासरी तापमान २१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पुण्याच्या किंवा नाशिकच्या माणसाला ती उन्हाळ्यातील एखादी सुखद रात्र वाटेल. तरीही डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत चालणाऱ्या मार्गळी महिन्यात पहाटे फिरायला निघालेले चेन्नईकर गळपट्टा गुंडाळतात, कानटोपी चढवितात. यात हसण्यासारखे काही नाही; थंडी ही सवयीच्या मानाने मोजली जाते. नवल आहे ते दुसऱ्याच गोष्टीचे. हिमालयातील बर्फाळ रस्त्यांशी ज्या मोटारसायकलचे नाव भारतात कायमचे जोडले गेले, ती बुलेट याच उष्ण, दमट, समुद्रकाठच्या शहरात तयार झाली.

१९५०च्या सुमारास सीमेवरील गस्तीसाठी लष्कराला आणि पोलीस दलांना एका दणकट मोटारसायकलची गरज भासू लागली. इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफील्ड कंपनीची ३५० सी.सी.ची बुलेट या कामासाठी निवडण्यात आली. आरंभी ती मद्रास मोटर्स या व्यापारी संस्थेमार्फत आयात होत असे. १९५५ साली या संस्थेने रेडिचच्या कंपनीशी भागीदारी करून 'एनफील्ड इंडिया' स्थापन केली आणि मद्रासच्या उत्तरेस तिरुवोत्तियूर येथे कारखाना उभारला. सुरुवातीला इंग्लंडहून आलेले सुटे भाग तेथे केवळ जोडले जात. पुढे काही वर्षांत सर्व भाग येथेच बनू लागले. रेडिचचा मूळ कारखाना १९६७ साली बंद पडला, परंतु तिरुवोत्तियूरचे उत्पादन चालू राहिले. १९७७ साली तर याच गाड्या इंग्लंडला निर्यात होऊ लागल्या.

या गाडीची रचना साधी होती. ७० मिलिमीटर व्यासाचा एकच सिलिंडर, ९० मिलिमीटरचा लांब टप्पा, बिडाचा सिलिंडर आणि त्यात फिरणारा ॲल्युमिनियमचा दट्ट्या. सुरू करण्याची रीत मात्र शिकून घ्यावी लागे. संपीडन सैल करणारा छोटा दांडा दाबायचा, ॲमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळूहळू खाली न्यायची आणि मग एकच जोरकस लाथ मारायची. समुद्रसपाटीवर ज्याला हे साधले, त्यालाही लडाखमधील पहिल्या सकाळी घाम फुटे. असे का व्हावे, हे समजण्यासाठी इंजिनातील तेलापासून आरंभ केला पाहिजे.

थंडीत तेल घट्ट होते. शास्त्रीय भाषेत त्याची श्यानता वाढते, म्हणजे वाहण्याला होणारा त्याचा अंतर्गत विरोध वाढतो. बुलेटसाठी '२०डब्ल्यू-५०' प्रतीचे तेल सर्रास वापरले जाते. यातील 'डब्ल्यू' हे हिवाळा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर होय. २० डब्ल्यू प्रतीच्या तेलाची थंडीतील कसोटी उणे १५ अंशांवर घेतली जाते, तर १० डब्ल्यूची उणे २५ अंशांवर. लडाखमध्ये हिवाळ्यातील रात्री पारा उणे १५च्याही खाली जातो. चेन्नईत भरलेले तेल तेथे मधासारखे संथ वाहते. किकचा दांडा जड लागतो. क्लचच्या चकत्या एकमेकींना चिकटून बसतात आणि क्लच दाबूनही गिअर टाकताच गाडी पुढे झेप घेते. सर्वांत मोठे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. इंजिन सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही क्षणांत तेल वरच्या भागांपर्यंत पोहोचलेले नसते आणि झीज होते ती याच वेळी. म्हणून जाणते चालक प्रज्वलनाची कळ फिरविण्यापूर्वी चार-सहा वेळा रिकामी किक मारून तेल हलवून घेतात, आणि इंजिन सुरू झाले की लगेच वेग वाढवीत नाहीत.

पेट्रोलची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. द्रवरूप पेट्रोल जळत नाही; जळते ती त्याची वाफ. थंड इंजिनात पेट्रोलचा थोडाच अंश वाफ होतो, म्हणून चोक ओढून मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण वाढवावे लागते. म्हणजे थंडीची मागणी जास्त पेट्रोलची आहे. परंतु हिमालयात थंडी एकटी येत नाही, उंचीला बरोबर घेऊन येते. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि खारदुंग ला खिंड सुमारे ५,३५९ मीटर उंचीवर. (तेथील जुन्या फलकावर १८,३८० फूट असा आकडा वर्षानुवर्षे होता, आधुनिक मोजणीत तो टिकला नाही.) खिंडीतील हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहूनही कमी असते. कार्ब्युरेटरला मात्र याची जाणीव नसते. चेन्नईच्या दाट हवेसाठी बसविलेले जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र, तेथेही जवळजवळ पूर्वीइतकेच पेट्रोल सोडत राहते. मिश्रण दाट होते, धूर काळा येतो, प्लग काजळीने माखतो आणि चढणीवर गाडी दम टाकते. म्हणजे उंचीची मागणी कमी पेट्रोलची. सकाळी गाडी सुरू होत नाही म्हणून चोक ओढावा आणि तो वेळेत परत न ढकलल्यास अर्ध्या तासाने त्यामुळेच ती बंद पडावी, हा अनुभव या रस्त्यावर नित्याचा होता. उपाय एकच: मुख्य जेट काढून लहान छिद्राचे बसविणे. पितळेचा हा तुकडा नखाएवढा असतो, आणि तो बदलल्याचे बाहेरून कोणाच्याही लक्षात येत नाही.

बॅटरीचेही असेच. उणे १८ अंशांच्या आसपास शिसे-आम्ल बॅटरीची शक्ती निम्म्यावर येते. पूर्ण भरलेल्या बॅटरीतील आम्ल उणे ५० अंशांवरही गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीत ते शून्याच्या थोडे खाली गेल्यावरच गोठते आणि कवच तडकते. टायरच्या बाबतीत निसर्ग थोडी दया दाखवितो. तापमान ३० अंशांनी उतरले तर टायरमधील दाब चार-पाच पौंडांनी कमी होतो. उलट लेहच्या उंचीवर बाहेरील हवेचा दाब तितकाच घटलेला असल्याने मापकावर आकडा जवळपास पूर्वीचाच दिसतो. रबर मात्र थंडीने कडक झालेले असते आणि त्याची पकड कमी होते. मापकावरील आकडा बरोबर आहे म्हणून वळणावर निर्धास्त राहणाऱ्याची येथे फसगत होते.

यंत्रापेक्षा नाजूक असतो तो चालक. हवेचे तापमान शून्य अंश असताना ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या माणसाच्या उघड्या त्वचेला ती थंडी उणे ९ अंशांसारखी जाणवते. आधी बोटे बधिर होतात, आणि ब्रेक व क्लच दोन्ही बोटांच्याच हाती असतात. अंगरख्याच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवण्याची जुनी युक्ती आजही उपयोगी पडते, कारण कागदाच्या थरांत अडकलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. हँडलच्या मुठींवर चढविलेल्या रेक्झिनच्या पिशव्या दिसायला ओबडधोबड असतात, पण त्यांनी पुष्कळ बोटे वाचविली आहेत.

गाडीत फेरफार करण्याची हौस चेन्नईला जुनीच आहे. शहराच्या उत्तरेला शोळावरम येथील दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील धावपट्टीवर मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब शर्यती भरवीत असे. १९९०च्या सुमारास इरुंगाट्टुकोट्टै येथे खास मार्ग तयार होईपर्यंत, साधारणपणे वर्षाच्या आरंभीच्या सुखद दिवसांत, तेथे गर्दी लोटे. घरगुती गाड्यांचे इंजिन उघडून, झडपा घासून, वजन उतरवून त्या शर्यतीस उतरविणारे कारागीर याच वातावरणात घडले. सुट्या भागांसाठी एगमोरजवळील पुदुपेट्टै होतेच. कूवम नदीकाठच्या या वस्तीत जुन्या गाड्या उकलल्या जातात आणि त्यांचा खिळा न् खिळा विकला जातो.

या हौसेला पुढे दोन वाटा फुटल्या. एक दिसण्याची: उंच हँडल, रुंद टायर, मोकळा आवाज करणारा सायलेन्सर. दुसरी चालण्याची: तेलाची प्रत, जेट, बॅटरी, केबलींना वंगण, सामानाचा मजबूत सांगाडा. थंडीत उपयोगी पडते ती दुसरीच, आणि छायाचित्रात ती दिसत नाही. पहिल्या वाटेने जाणारे पुष्कळदा स्वतःचेच नुकसान करून घेतात. रुंद टायर बर्फाळ चिखलात तरंगतो आणि उंच हँडल चालकाची छाती वाऱ्यासमोर उघडी टाकते. कायदाही या वाटेच्या विरुद्ध आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८च्या कलम ५२नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हीच भूमिका उचलून धरली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड अशी तरतूद झाली. हौशी लोकांना हा नियम जाचक वाटतो. यात थोडे तथ्य आहे, कारण सामानाचा विचारपूर्वक केलेला सांगाडा आणि कान फोडणारा सायलेन्सर यांना रस्त्यावरचा पोलीस पुष्कळदा एकाच मापाने मोजतो. मात्र मध्यरात्री त्या सायलेन्सरने जागे होणाऱ्या वस्तीचे म्हणणेही तितकेच खरे आहे.

स्वतः चेन्नईत या दिवसांत थंडीपेक्षा पाणी आणि धूर यांचे भय अधिक. ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ असतो. २०१५च्या डिसेंबरात शहर बुडाले तेव्हा असंख्य दुचाक्यांच्या इंजिनांत पाणी शिरले. जानेवारीत आकाश निवळते आणि मामल्लपुरम्‌कडे जाणारा पूर्व किनारा मार्ग पहाटेच्या स्वारांनी गजबजतो. परंतु पोंगलच्या आदल्या दिवशी, भोगीला, जुन्या वस्तू जाळण्याची प्रथा आहे. तो धूर धुक्यात मिसळला की पहाटे समोरचे काही दिसत नाही. खरी थंडी अनुभवावयाची तर निलगिरीवर उदकमंडलमला जावे लागते. सुमारे २,२४० मीटर उंचीच्या त्या गावाच्या परिसरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री सखल गवतावर दहिवर गोठते. तेथील वळणांवर, झाडांच्या सावलीत, सकाळी उशिरापर्यंत ओलसर राहिलेला रस्ता कोरड्यासारखाच दिसतो.

२०२० साली बीएस-६ मानके लागू झाल्यावर नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. आता इंजिनाचे तापमान आणि हवेचा दाब मोजणारी संवेदके पेट्रोलचे प्रमाण आपोआप ठरवितात. जुन्या बुलेट मात्र अजून हजारोंनी चालू आहेत. त्यांच्या मालकांना लडाखला जाताना जेट बदलण्याची आठवण राहते. विसर पडतो तो परतीच्या वेळी. उंचीसाठी बसविलेले लहान जेट मैदानातील दाट हवेत फारच थोडे पेट्रोल सोडते. असे विरळ मिश्रण इंजिन तापविते. बिडाच्या मानाने ॲल्युमिनियम तापल्यावर जवळजवळ दुप्पट फुगते, त्यामुळे दट्ट्या सिलिंडरमध्ये घट्ट बसतो आणि मागचे चाक एकाएकी थांबते. लडाखच्या थंडीतून सुखरूप उतरलेली गाडी अशी चेन्नईच्या वाटेवर, सपाट रस्त्यावर आणि भर उन्हात अडकून पडते. म्हणून काढलेले मोठे जेट कागदात गुंडाळून हत्यारांच्या पेटीत ठेवावे आणि डोंगर उतरताच पहिल्या मुक्कामी परत बसवावे.