काखेतल्या चिंध्या

खोल हौदातून माणसाला दोरानं वर ओढायचं तर दोर काखेत घालतात. सगळा भार तिथेच येतो. दोर काचतो, कातडी सोलवटते. उपासमारीनं हाडं वर आली असतील तर विचारूच नका. ही गोष्ट ज्याच्या आधीच लक्षात आली, त्याचं नाव एबद-मलेख.

इसवी सनापूर्वी 587 च्या सुमाराचं यरुशलेम. बाबेलच्या फौजेचा वेढा पडलेला, शहरातली भाकरी संपत आलेली. यिर्मया संदेष्टा सांगत होता, शरण जा, जीव तरी वाचेल. सरदार खवळले आणि त्यांनी त्याला पहारेकऱ्यांच्या चौकातल्या हौदात सोडलं. तिथले असे हौद चुनखडीच्या खडकात खोदलेले असत, तोंडाशी अरुंद, खाली ऐसपैस. चढून येणं अशक्यच. या हौदात पाणी नव्हतं, नुसता चिखल. यिर्मया त्यात रुतला. सिद्कीया राजानं तर आधीच हात झटकले होते.

एबद-मलेख कूशी होता, म्हणजे आजच्या सुदानकडचा, राजवाड्यातला खोजा. नावाचा अर्थ 'राजाचा चाकर'. कोण जाणे, आईनं ठेवलेलं नाव वेगळंच असेल. राजा बन्यामिनाच्या वेशीत बसला होता. हा परमुलखातला चाकर थेट तिथं गेला आणि म्हणाला, या लोकांनी वाईट केलं. यिर्मया उपासमारीनं मरेल. राजानं 30 माणसं बरोबर दिली. घाईची वेळ, तरी हा आधी राजवाड्याच्या भांडाराखाली गेला, जुनेरं-चिंध्या गोळा केल्या, दोरानं खाली सोडल्या आणि वरून सांगितलं: या काखेत धर, त्यावरून दोर घे.

बायबलातल्या यिर्मयाच्या पुस्तकात ही गोष्ट लिहिणाऱ्यानं चिंध्या वगळल्या नाहीत, याचंच मला नवल वाटतं. वेढा, राजकारण, राजाचा दुबळेपणा सांगता सांगता तो काखेपाशी थांबतो. एबद-मलेखाच्या श्रद्धेबद्दल मात्र तिथं अवाक्षर नाही. ते येतं 39 व्या अध्यायात, देवाच्या निरोपात: नगर पडेल, पण तू वाचशील, कारण तुझा माझ्यावर भरवसा होता.

2005 आणि 2008 मध्ये यरुशलेमच्या दावीदनगरात मातीचे दोन मुद्राठसे सापडले, जेमतेम नखाएवढे. एकावर शलेम्याचा पुत्र युकाल, दुसऱ्यावर पशहूराचा पुत्र गदल्या. यिर्मयाच्या जिवावर उठलेल्या सरदारांत हीच दोन नावं आहेत!

एबद-मलेखासाठी मात्र पुस्तकच उघडावं लागतं. यिर्मया, अध्याय 38, वचनं 7 ते 13. चहा निवायच्या आत वाचून होतात.