निरक्षरेची अक्षरे

जनगणनेच्या तक्त्यात निरक्षर स्त्री हा केवळ एक आकडा असतो. जळगावनजीकच्या आसोदे येथे १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी अशाच एका आकड्यात सामावल्या होत्या. शेतात राबताना, जात्यावर दळताना त्यांनी रचलेली गाणी पुत्र सोपानदेव व एका आप्ताने टिपून ठेवली, म्हणूनच ती वाचली. १९५१ साली त्या निवर्तल्या. १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह संग्रह निघाला आणि महाराष्ट्र हेलावला.

हे हेलावणे कशाचे? पारोळ्याच्या शिवारात कापूस वेचणारी बाई वाचकाने रोज पाहिलेली असते. परंतु जगण्यामरण्याविषयी तिलाही स्वतःचा विचार आहे, हे त्याला ती गाणी वाचल्यावरच उमगते. दयेची जागा आदर घेतो.

तथापि नुसत्या आदराने भागत नाही. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव मिळाले, हे उचितच झाले. पण शेतात राबणाऱ्या असंख्य स्त्रियांचे नाव सातबाऱ्यावर अद्यापि लागलेले नाही. कवितेने डोळे पाणावलेल्या वाचकाने घरचा उतारा एकदा काढून पाहावा. त्यावर कोणाचे नाव नाही, हे वाचणे हेही वाचनच होय.