कोंढ्यात कुणी विचारले का?

दिवाळी आटोपली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडईचा, गावोगावच्या जत्रांचा, हंगाम सुरू होतो. दिवसा दंडार, रात्री नाटक आणि बांधीत कापून पडलेला धान. २०२४ साली या सगळ्याच्या मधोमध विधानसभेची निवडणूक आली. मतदान होते २० नोव्हेंबरला. भंडारा-पवनी रस्त्यावरच्या कोंढ्यात त्या दिवसांत पानठेल्यावर, चहाच्या टपरीवर, धान चुरायच्या जागी एकच प्रश्न फिरत होता : "कोन येते जी?" उत्तर द्यायला कुणी जातीचे गणित मांडायचे, कुणी लाडकी बहीण योजनेच्या पंधराशे रुपयांचा हिशेब सांगायचे, कुणी धानाच्या बोनसचा. आणि प्रत्येकाच्या हातातल्या मोबाइलवर मुंबई-दिल्लीच्या वाहिन्यांचे आकडे सरकत होते. अमक्याला इतक्या जागा, तमक्याला तितक्या.

त्या आकड्यांत कोंढा होता का? मतदार जनमत चाचणीकडे भविष्य म्हणून बघतो आणि खरी ठरली की वा म्हणतो, चुकली की शिव्या घालतो. खरे तर ती एक मोजणी आहे. मोजणी कुणाची केली, कधी केली आणि कशी केली, हे कळल्याशिवाय तिच्या आकड्याला अर्थच येत नाही.

आधी आपल्या मतदारसंघाचा स्वभाव पाहू. २००९ मध्ये भंडारा-गोंदियातून प्रफुल्ल पटेल अडीच लाखांच्या फरकाने लोकसभेवर गेले. २०१४ मध्ये तेच पटेल भाजपच्या नाना पटोले यांच्याकडून जवळपास दीड लाख मतांनी हरले. पटोले यांनी डिसेंबर २०१७ मध्ये राजीनामा दिला आणि मे २०१८ च्या पोटनिवडणुकीत राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे सुमारे ४८ हजारांनी निवडून आले. याच पोटनिवडणुकीत भर उन्हाळ्यात मतदान यंत्रे बिघडली आणि ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले. वर्षभरात, २०१९ ला, भाजपचे सुनील मेंढे जवळपास दोन लाखांनी जिंकले. २०२४ ला काँग्रेसचे डॉ. प्रशांत पडोळे यांनी त्यांना ३७,३८० मतांनी हरवले. पंधरा वर्षांत पाच निवडणुका आणि पाच वेगवेगळे खासदार. मागच्या निकालावरून पुढचा ताडायचा म्हटले तर इथे हाती काही लागत नाही. अशा ठिकाणी दारोदार जाऊन विचारण्याला पर्याय नाही.

आणि विचारायचे कसे, याचे शास्त्र आहे. दिल्लीच्या 'विकासशील समाज अध्ययन पीठा'चा 'लोकनीती' हा उपक्रम १९९७ पासून हे काम करतो. त्यांची पद्धत मुळात साधी आहे. आधी मतदारसंघ चिठ्ठी टाकल्यासारखे निवडायचे, मग त्यातली मतदान केंद्रे आणि मग केंद्राच्या मतदार यादीतून ठरावीक अंतराने नावे. समजा, कोंढ्यातल्या एका केंद्राच्या यादीत हजार नावे आहेत आणि पंचवीस जणांना विचारायचे आहे. मग दर चाळिसावे नाव घ्यायचे. सुरुवात कुठून करायची तेही चिठ्ठीच ठरवणार. विचारायला आलेला पोरगा किंवा पोरगी ही पंचवीस नावे घेऊन गावात शिरते. यादीतले सतरावे नाव एखाद्या म्हातारीचे असते आणि ती लेकीकडे लाखनीला गेलेली असते. अठरावा पोरगा नागपुरात कंपनीत. एकोणिसावी बाई पहाटेच मोहफुले वेचायला गेलेली असते, नाहीतर धान बांधायला. अशा वेळी कंटाळून शेजारच्या ओट्यावर बसलेल्या रिकाम्या माणसाला विचारून पान भरले, तर चाचणी तिथेच बिघडते. कारण दुपारी ओट्यावर सापडणारा माणूस आणि दुपारी बांधीत असणारी बाई एकाच कारणासाठी मत देत नाहीत. म्हणून नियम असा की पुन्हा यायचे, संध्याकाळी यायचे, पण यादीतल्याच माणसाला गाठायचे. मत मात्र तोंडाने विचारायचे नाही. चिन्हे छापलेला नकली मतपत्रिकेचा कागद हातात द्यायचा, त्याने शिक्का किंवा खूण करून, घडी घालून सोबतच्या पेटीत टाकायचा.

आधारभूत खरेदी केंद्रावर धान घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला यातले मर्म वेगळे सांगायला नको. ओलावा सतरा टक्क्यांच्या आत आहे की नाही हे बघायला तिथला माणूस टोकदार नळी पोत्यात खुपसतो, आणि जाणता असेल तर वरून, मधून, तळातून दाणे काढतो. पोत्याच्या तोंडचा धान वाळलेला असतो म्हणून पूर्ण गाडी वाळली असे होत नाही.

पेटीची युक्ती आपल्याकडे फारच गरजेची आहे. झाडीपट्टीतला माणूस दारात आलेल्याला नाही म्हणत नाही. सकाळी एका पक्षाचे कार्यकर्ते आले, त्यांना "हो जी, तुमचेच". दुपारी दुसरे आले, त्यांनाही "हो जी". पाहुण्याला दुखवायचे नाही ही रीत आहे. तिला खोटेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. गावात राहायचे असते, घरकुलाच्या यादीत नाव यायचे असते, ट्रॅक्टर ज्याचा भाड्याने घ्यायचा तो कुण्या पक्षाचा असतो. वहीत नाव लिहून घेणाऱ्या अनोळखी माणसासमोर आपले मत उघड करण्यात कुणाचा फायदा? सरपंचाच्या घरासमोर, चार लोकांच्या देखत, बाईच्या उत्तराआधी तिच्या नवऱ्याने उत्तर दिलेल्या मुलाखतीला मी मोजणी मानणार नाही. फोनवरून होणाऱ्या चाचण्यांत तर घरातला फोन कुणाच्या खिशात असतो इथूनच निवड सुरू होते.

आता आकड्यांकडे. नीट निवडलेल्या हजार लोकांना विचारले, तर शंभरातल्या पंच्याण्णव वेळा टक्केवारी खऱ्यापासून वर-खाली तीन टक्क्यांच्या आत राहते. चार हजारांना विचारले तर हा फरक दीड टक्क्याच्या आसपास येतो. लोकसंख्या कोटीत असो की लाखात, याने जवळजवळ काही फरक पडत नाही. चेन्नई गणित संस्थेचे राजीव करंदीकर हे 'लोकनीती'साठी मतांच्या टक्केवारीवरून जागांचा अंदाज बांधत आले. त्यांनी हे अनेकदा समजावून सांगितले आहे. खरी अडचण पुढच्या पायरीवर, टक्क्यांच्या जागा करताना येते. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांत एक टक्क्याहूनही कमी अंतर होते. जागा मात्र ३० आणि १७ पडल्या, एक सांगलीच्या अपक्षाला. म्हणजे एखाद्या संस्थेने मतांचा अंदाज दोन टक्क्यांनी चुकवला, जे कुठल्याही चाचणीत सहज होते, तरी तिचे जागांचे चित्र साफ उलटे होणार. तसेच झाले. अॅक्सिस माय इंडियाने १ जूनला महायुतीला २८ ते ३२ जागा दिल्या होत्या. सहा महिन्यांनी विधानसभेला दोन्ही बाजूंच्या मतांत जवळपास चौदा टक्क्यांचे अंतर पडले. दिशा बहुतेकांना कळली, पण महायुतीतले भाजप, शिवसेना आणि राष्ट्रवादी मिळून २३० जागांपर्यंत जातील हे मोठ्या वाहिन्यांवरच्या एकाही अंदाजात नव्हते.

त्याच विधानसभेत आपल्या शेजारी साकोलीत काय झाले ते बघा. या वेळी काँग्रेसकडून उभे असलेले नाना पटोले आणि भाजपचे अविनाश ब्राह्मणकर, दोघांनाही ९६ हजारांवर मते. फरक २०८. एकूण मतांच्या हजारातला एक भागसुद्धा नाही. एवढा बारीक फरक चाचणीने पकडायचा, तर गणिताने लागणारा नमुना साकोलीच्या सगळ्या मतदारांहून मोठा निघतो. अशी जागा आधी सांगणारा माणूस मोजत नव्हता, पैज लावत होता. म्हणून राज्याची चाचणी दाखवता दाखवता पडद्यावर एकदम "भंडारा : अमुक पुढे" अशी पाटी येते, तेव्हा मला राग येतो. राज्यभरच्या काही हजारांच्या नमुन्यात भंडारा जिल्ह्यातली माणसे किती असतील? त्यांच्या जोरावर भंडाऱ्याचा निकाल सांगणे म्हणजे इथल्या लाखो मतदारांना न विचारताच त्यांच्या नावाने बोलणे.

चाचण्यांचा सगळ्यात अवघड प्रकार मात्र आपल्याकडे होतच नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार पक्षश्रेष्ठी ठरवत नाहीत. पक्षाच्या मतदारांनी राज्याराज्यांत मतदान करून तो निवडायचा. याला प्रायमरी म्हणतात. आपल्या तिकीटवाटपात जे बंद दाराआड होते ते तिथे महिनोन् महिने उघड्यावर चालते, आणि रोज नव्या चाचण्या येतात. एकेका चाचणीच्या मागे न लागता सगळ्यांची सरासरी काढून तिचा चढउतार बघणे, हा तिथला मोठा व्यवसाय झाला आहे. एकाच पक्षाचे चार उमेदवार असले की मतदाराला धरून ठेवणारे चिन्ह नसते, पिढीजात निष्ठा नसते. आज हा बरा वाटतो, उद्या तो. आपल्या ग्रामपंचायतीत एकाच भावकीतले तिघे उभे राहिले की कोंढ्यातल्या जुन्या जाणत्यालाही अंदाज येत नाही, तसेच. २००८ मध्ये आयोवात ३ जानेवारीला ओबामा जिंकले. न्यू हॅम्पशायरच्या चाचण्यांत ते पुढे गेले आणि ८ जानेवारीला तिथे जिंकल्या हिलरी क्लिंटन. मार्च २०१६ मध्ये मिशिगन राज्यात क्लिंटन यांची चाचण्यांतली सरासरी आघाडी वीस टक्क्यांच्या घरात होती. बर्नी सँडर्स दीड टक्क्याने जिंकले.

त्याच मिशिगनमध्ये दोन वर्षांनी एका मराठी माणसाला चाचण्यांनी वर नेले. बेळगावात वाढलेले, 'ही 'श्री'ची इच्छा' या आत्मचरित्रामुळे मराठी घरांत ओळखीचे झालेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत उतरले. खिशातले सुमारे एक कोटी डॉलर त्यांनी घातले आणि टीव्हीवर जाहिराती सुरू केल्या. वर्षाच्या सुरुवातीच्या काही चाचण्यांत ते ग्रेचन व्हिटमर यांच्या बरोबरीने, काहींत पुढेही दिसू लागले. मात्र ७ ऑगस्टला व्हिटमर यांना ५२ टक्के मते पडली, अब्दुल अल-सय्यद यांना ३० आणि ठाणेदारांना १८ च्या आत. चाचण्या खोट्या होत्या का? माझ्या मते नाही. मतदान पाच महिने लांब असताना लोकांनी ऐकलेले नाव सांगितले. त्यांचा निर्णय झाला होता असा त्या उत्तराचा अर्थ नव्हता. त्या तक्त्यांतला "अजून ठरवले नाही" हा रकाना कुणी वाचला असता तर चित्र दिसले असते. ठाणेदार पुढे २०२२ मध्ये डेट्रॉइटकडच्या मतदारसंघातून प्रायमरी आणि निवडणूक दोन्ही जिंकून अमेरिकी संसदेत गेले.

"अजून ठरवले नाही" हा रकाना आपल्या वाहिन्या बहुतेकदा दाखवतच नाहीत. न ठरवलेल्यांना इतरांत वाटून टाकतात आणि बेरीज शंभर करतात. कोंढ्यासारख्या गावात मतदानाच्या आदल्या रात्रीपर्यंत ठरत नसलेली माणसे असतात. त्यांची संख्या हीच मोठी बातमी असायला हवी.

मतदार असा का वागतो हे विचारण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. पुणे विद्यापीठातले राज्यशास्त्रज्ञ व. म. सिरसीकर यांनी १९६२ च्या निवडणुकीत पुण्याच्या मतदारांचा अभ्यास केला, आणि १९६५ मध्ये त्यावर पुस्तक आले. त्याच विद्यापीठातल्या सुहास पळशीकर यांनी पुढे 'लोकनीती'चे काम सांभाळले. निकाल कुणाचा हे निवडणूक आयोग सांगतोच. पण बाईने वेगळे मत का दिले, धानाच्या भावाने किती जण फिरले, हे निकालाच्या तक्त्यात कधीच लिहिलेले नसते.

आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात अशी एक जागा कायमची कोरी राहिली आहे. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. तेव्हा मतदारसंघ द्विसदस्य होता, एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मते. सर्वसाधारण जागेवर समाजवादी नेते अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकर यांच्याकडून आठ हजारांच्या वर मतांनी हरले. मेहतांना मत देणाऱ्या किती जणांनी दुसरे मत बाबासाहेबांना दिले? किती जणांनी हात आखडता घेतला, आणि कोणत्या गावांत? त्या वेळी पवनी-अड्याळकडच्या घरांत जाऊन कुणी दोन प्रश्न विचारले असते, तर आज सत्तर वर्षांनी त्यावर आपण अंदाजाने बोलत बसलो नसतो.

कायद्याने चाचण्यांवर बंधन आहे, पण ते वेळेचे. १९९८-९९ मध्ये निवडणूक आयोगाने स्वतःच्या अधिकारात बंदी घालून पाहिली. ती सर्वोच्च न्यायालयापुढे टिकेना म्हणून मागे घेतली. पुढे लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १२६-अ आले. शेवटच्या टप्प्याचे मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत मतदानोत्तर चाचणी दाखवायची नाही. दाखवली तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा. किती लोकांना विचारले, कसे निवडले, हे जाहीर करा, असे मात्र ते कलम सांगत नाही.

ब्रिटनमध्ये २०१५ च्या निवडणुकीत सगळ्याच संस्था चुकल्या. तेव्हा त्या संस्थांच्या परिषदेने प्राध्यापक पॅट्रिक स्टर्गिस यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसवली, संस्थांनी आपली कच्ची माहिती त्यांच्यापुढे ठेवली आणि मार्च २०१६ मध्ये अहवाल सगळ्यांसाठी खुला झाला. मुख्य दोष नमुन्यात निघाला : मजूर पक्षाचे मतदार त्यात प्रमाणाबाहेर होते. ४ जून २०२४ च्या लोकसभा निकालानंतर आपल्याकडेही अशी चौकशी व्हायला हवी होती. भंडारा-गोंदियाच्या सहा विधानसभा क्षेत्रांत कुठल्या गावांत माणसे गेली, त्यांतल्या बाया किती, मोहफुलांच्या दिवसांत सकाळी गेली की संध्याकाळी, "सांगत नाही" म्हणणाऱ्यांचे काय केले, आणि पेटी सोबत होती की वही, हे तिने विचारले असते.