किल्ल्याच्या मुदपाकखान्यात

जर्मनीतल्या ट्युबिंगेन गावी येणारा पाहुणा नेकार नदीतल्या नावा आणि उतरत्या छपरांची जुनी घरे पाहूनच खूष होतो. मला ओढ होती ती टेकडीवरच्या किल्ल्याची. आणि त्यातही दिवाणखान्याची नव्हे, मुदपाकखान्याची!

येथील विद्यापीठ १४७७ सालचे. एकोणिसाव्या शतकात त्याने किल्ल्याच्या या स्वयंपाकघरात रसायनशाळा थाटली. जाड भिंती, कमानदार छत, खोल खिडक्या. भर दिवसाही आत गारवा जाणवतो.

१८६८ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचा तरुण डॉक्टर फ्रीडरिख मीशर येथे प्राध्यापक होप्पे-झायलर यांच्या हाताखाली दाखल झाला. त्याला ऐकू कमी येई. तेव्हा रोगी तपासण्यापेक्षा संशोधन बरे, असे त्याने ठरविले. संशोधनाची सामग्री कोणती, तर जवळच्या इस्पितळातल्या पुवाने भिजलेल्या पट्ट्या! (फराळाच्या ताटाशी बसून वाचणाऱ्यांनी क्षमा करावी.) जंतुनाशके तेव्हा रुळली नव्हती, त्यामुळे पुवाला तोटा नव्हता. मीशर त्या पट्ट्या क्षाराच्या पाण्यात धुवी, पांढऱ्या पेशी निराळ्या करी आणि डुकराच्या जठरातून काढलेल्या पाचक द्रव्याने त्यांतली प्रथिने जिरवून टाकी. मागे राही पेशीचे केंद्र. त्यातून १८६९ साली त्याच्या हाती एक अजब पदार्थ आला. तो प्रथिन नव्हता. त्यात फॉस्फरस मात्र भरपूर होता. न्यूक्लिअसमधला, म्हणून त्याने नाव दिले न्यूक्लीन.

गुरुजींचा विश्वास बसेना. त्यांनी सारे प्रयोग स्वतः करून पाहिले आणि मगच, १८७१ साली, शिष्याचा निबंध आपल्या नियतकालिकात छापला. शेजारी स्वतःचा पडताळाही दिला. पंचविशीतल्या मुलाने ती दोन वर्षे कशी काढली असतील! तरी मला गुरुजींना दोष देववत नाही. एवढी नवी गोष्ट पारखून घेणेच बरे.

मीशर १८९५ साली क्षयाने वारला. आनुवंशिकतेचा वारसा याच पदार्थातून चालतो, हे १९४४ साली न्यूयॉर्कमध्ये अ‍ॅव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. त्याची दुपेडी रचना वॉटसन व क्रिक यांनी मांडली १९५३ साली. नातवाचे नाक थेट आजोबांवर का जाते, याचे उत्तर ज्या डीएनएत आहे, तेच हे न्यूक्लीन.

आता त्या मुदपाकखान्यात संग्रहालय आहे. पुढे बाझेलला परतल्यावर मीशरने सामन माशाच्या वीर्यातून काढलेल्या न्यूक्लीनची एक कुपी ट्युबिंगेनने जपून ठेवली आहे. आत चिमूटभर भुकटी, बाहेर जुनी चिठ्ठी.