जुनी डिझेल गाडी घेताना : 1.3 लिटर इंजिनाची चौकट

फियाटने विकसित केलेले 1,248 सीसीचे हे इंजिन मारुती स्विफ्ट, डिझायरपासून फियाट पुंटो, टाटा व्हिस्टापर्यंत अनेक गाड्यांत होते. मारुतीने ते एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 निकषांच्या वेळी बंद केले.

कोणते निवडाल? स्विफ्ट, डिझायरमध्ये 75 पीएस, 190 न्यूटन-मीटर. एसएक्स4, अर्टिगा, सियाझमध्ये 90 पीएस, 200 न्यूटन-मीटर. पहिले शहरात हलके आणि काटकसरी, दुसरे घाटात आणि महामार्गावर दमदार.

घेण्यापूर्वी इंजिन पूर्ण थंड असतानाच सुरू करून पाहा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. दाट काळा धूर म्हणजे इंजेक्टर, टर्बो किंवा हवेची वाट तपासायला हवी. इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण उघडा. जोराने धूर येत असेल तर पिस्टन रिंग झिजल्याची शंका घ्या. टायमिंग चेनची खडखडही ऐका.

आधी मूळ ताकद परत मिळवा : एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, योग्य ग्रेडचे ऑइल, स्वच्छ ईजीआर व्हॉल्व्ह, इंटरकूलरचे न गळणारे पाइप आणि टायरमधली योग्य हवा. दम आणि मायलेज, दोन्ही इथूनच सुधारतात.

रीमॅपचा मोह : इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलले की टॉर्क वाढतो, तसा क्लच आणि टर्बोवरचा ताणही. धूर वाढवणारी सेटिंग कधीच स्वीकारू नका; तो धूर मागच्या माणसाच्या फुप्फुसात जातो.

कागदपत्रे : खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे फेरनोंदणी आणि पर्यावरण कराचा खर्च किमतीत धरा.