कवेलू फुटते, भिंत का टिकते?

पिपरी मेघे घ्या, नाहीतर वर्ध्याच्या आसपासचे कोणतेही खेडे. तेथील एखादे जुने मातीचे घर नीट पाहा. वर कवेलूंचे छप्पर, खाली मातीच्या भिंती. वानरांची टोळी छपरावरून उड्या मारीत गेली की चार-दोन कवेलू हमखास फुटतात आणि पावसाळ्यात घर गळू लागते. कवेलू तर भट्टीत भाजलेले, कच्च्या भिंतीपेक्षा कितीतरी कठीण. तरी ते एका दणक्यात फुटते. भिंतीला मात्र तडा गेला तरी ती उभी राहते. असे का?

भिंत जाड असते, हे एक कारण. दुसरे कारण तिच्या मातीत कालवलेल्या कुटारात आहे.

भाजलेल्या मातीतील अणू धातूतल्याप्रमाणे एकमेकांवरून सरकू शकत नाहीत. ताण आला की तो बारीकशा भेगेच्या टोकाशी एकवटतो आणि भेग क्षणात आरपार धावते. यालाच ठिसूळपणा म्हणतात. भिंतीत भेगेच्या वाटेत कुटाराची काडी आडवी येते व दोन्ही काठ धरून ठेवते. भेग वाढायची तर काडी मातीतून उपसावी लागते. त्यात ऊर्जा खर्च होते. मात्र पकड फार घट्टही नको. तशी असली तर काडीही तुटते आणि भेग सरळ पुढे जाते.

हेच तत्त्व आज विमानात वापरले जाते. २०१६ पासून प्रवासी सेवेत असलेल्या ‘लीप’ जेट इंजिनात टर्बाइनच्या पात्यांभोवतीचे कडे सिलिकॉन कार्बाइडचे असते व त्यात त्याच पदार्थाचे तंतू असतात. तंतूंवर बोरॉन नायट्राइडचा पातळ लेप देतात; कशासाठी, ते आता तुम्हीच सांगू शकाल!

पण अशा वस्तूंना प्रखर भट्टी लागते. भट्टीवाचून दगड घडवता येईल का? १९७० नंतर फ्रान्समध्ये भीषण आगी लागल्या, तेव्हा जोसेफ दाविदोविट्स हे रसायनशास्त्रज्ञ न जळणाऱ्या पदार्थाच्या शोधाला लागले. त्यातून घडलेल्या पदार्थांना त्यांनी ‘जिओपॉलिमर’ हे नाव दिले.

त्याचा कच्चा माल विदर्भात ढिगांनी आहे. कोराडी आणि चंद्रपूर येथील औष्णिक वीजकेंद्रांत कोळसा जळतो आणि भारतीय कोळशात राख बहुधा ३० ते ४५ टक्के असते. या राखेत सिलिका व अ‍ॅल्युमिना काचेच्या रूपात असतात. कॉस्टिक सोडा व सोडियम सिलिकेटच्या द्रावणात ते विरघळतात. मग सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम व ऑक्सिजन यांची नवी जाळी विणली जाते. ६० ते ८० अंश सेल्सियसची ऊब मिळाली की लगदा दगडासारखा घट्ट होतो. सिमेंटच्या भट्टीला सुमारे १४५० अंश लागतात, शिवाय चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड सुटतो तो वेगळाच.

मात्र जिओपॉलिमरही ठिसूळच! म्हणून त्यातही काच, कार्बन वा पोलादाचे तंतू घालतात. अडचणी आहेतच: प्रत्येक ठिकाणची राख सारखी नसते, आणि सोडियम सिलिकेट तयार करण्यातही ऊर्जा खर्च होते.

कॉस्टिक सोड्याने कातडी भाजते, तेव्हा हा प्रयोग घरी करू नका. त्याऐवजी चिकणमातीच्या दोन सारख्या पट्ट्या करा. एकीत बारीक कुटार मिसळा. सावलीत पूर्ण वाळवा. दोन विटांवर आडव्या ठेवून मधोमध वजन वाढवीत जा. कोणती पट्टी किती वजनाला तुटली हे तर लिहाच. पण ती कशी तुटली, हेही लिहून ठेवा.